रफिकची लाईन

२६ मार्च २०२०, गुरुवार

जानेवारीत चिरागने ही डायरी दिली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, बाबा रे, सदुसष्टाव्या वर्षी बाईच्या आयुष्यात असं काय घडतं की ते तारीख घालून लिहावं? घडलं. सगळा देश एकवीस दिवस बंद झाला आणि मला नोकरी लागली.

चिरागचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ शांतिनाथ. राजारामपुरीत त्याची गॅस एजन्सी आहे. फेब्रुवारीत त्याच्या हृदयात दोन स्टेंट घातले. आता उंबरा ओलांडायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. चिराग पुण्यात अडकलेला. काल पाडव्याला शांतिनाथचा फोन आला, "अक्का, तूच बस आता ऑफिसात. माणसांना कामाला लावायचं तुझ्याइतकं कुणाला जमतंय?" स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही. माझंही वय घरात बसायचंच आहे, पण माझं हृदय कुणी तपासलेलं नाही, त्यामुळे ते ठणठणीत आहे.

सहा डिलिव्हरीवाले होते. त्यातले चौघे मलकापूरकडचे. बंदची घोषणा होताच मिळेल त्या वाहनाने गावी पळाले. उरले दोघे, केरबा आणि रफिक. फोनवर स्नेहल. आणि आता मी.

स्नेहलला पहिल्याच तासाला माझा नियम सांगितला. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. ग्राहकाशी वाद घालायचा नाही. त्याची मागणी लिहून घ्यायची, थँक्यू म्हणायचं, पुढचा फोन घ्यायचा. स्नेहल "बरं अक्का" म्हणाली. पोरगी चुणचुणीत आहे, पण पेन चघळते.

२८ मार्च, शनिवार

लोकांना वाटतंय गॅस संपणार. घरात दोन माणसं आणि तीन सिलिंडर मागणारे एक गृहस्थ आज फोनवर आले. मी विचारलं, "लग्न काढलंय का घरात?" स्नेहल माझ्याकडे बघत राहिली. वाद घालायचा नाही हा नियम आहेच. मी वाद घातला नाही, चौकशी केली.

इथली कामाची पद्धत समजून घेतली. प्रत्येक माणसाचा भाग ठरलेला असतो, त्याला हे लोक लाईन म्हणतात. रफिकची लाईन राजारामपुरीची, आठव्या गल्लीपासून पुढची. एकोणीस वर्षं तोच जातो. कुणाच्या शेगडीची नळी कधी बदलली हे घरच्या बाईला ठाऊक नसतं, रफिकला असतं. सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो, वजनकाट्याला लावून दाखवतो, सील दाखवतो, जोडून देतो आणि जाताना "काकी, नळी बदला आता" असं बजावतो. केरबाची लाईन शाहूपुरीकडची. तो जोतिबाच्या डोंगराजवळचा, तोंडाने फटकळ. मला आवडला.

शांतिनाथला चार वेळा फोन केला. सगळे कामाचेच होते.

१ एप्रिल, बुधवार

दिल्लीतल्या मुस्लिम मेळाव्यातून कोरोना पसरला ही बातमी टीव्हीवर सुरू झाल्यापासून मोबाइलवर व्हिडिओंचा पूर आलाय. कोणता कुठल्या देशातला, कुठल्या सालातला, कुणी विचारत नाही. मला तीन जणांनी पाठवले. तिघांनाही उत्तर दिलं. तिघांपैकी एकही आता बोलत नाही. शांतता मिळाली.

दुपारी दहाव्या गल्लीतल्या एका बाईंचा फोन आला. "तो तुमचा रफिक येतो ना, त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? तसं आमच्या मनात काही नाही हं."

मनात काही नसणारी माणसं मला फार भेटली आहेत. पण नियम तो नियम. स्नेहलला म्हटलं, "लिहून घे."

"काय लिहू अक्का?"

"त्यांची मागणी. रफिक नको."

स्नेहलने ते दोन शब्द लिहायला फार वेळ लावला. पेन पुन्हा तोंडात.

३ एप्रिल, शुक्रवार

असे चौदा झाले. चौथा फोन क्रांतीचा होता.

क्रांती आणि मी कॉन्व्हेंटला एका बाकावर होतो. तिचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, म्हणून मुलीचं हे नाव. तेराव्या गल्लीत राहते. म्हणाली, "तू मला ओळखतेस, मी तसली नाही. पण घरात नव्वदीच्या सासूबाई आहेत गं."

मी तिला म्हटलं, लिहून घेते. थँक्यू पण म्हटलं. फोन ठेवल्यावर तिच्यावर इतकी संतापले की चहा गार झाला. पण तिच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, हेही खरंच.

४ एप्रिल, शनिवार

मार्ग काढला. असे प्रसंग भावनेच्या भरात हाताळायचे नसतात, व्यवस्था करायची असते.

रफिकला सकाळी बोलावून सांगितलं, की आजपासून तू गोडाऊनला थांबायचं, टेम्पो भरून द्यायचा. राजारामपुरी केरबा बघेल. त्याचा भाग आणि तुझा, दोन्ही. त्याला जड जाईल, पण जमवेल.

रफिक म्हणाला, "माझं काय चुकलं का अक्का?"

"काही चुकलं नाही. लोकांची डोकी फिरलीत. दारात कुणी वाकडं बोललं तर तुला किती लागेल? तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

 त्याने लाईनवर न्यायचा तो वजनकाटा पिशवीतून काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि "बरं" म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं वाद घालेल. समजूतदार आहे.

६ एप्रिल, सोमवार

सकाळपासून केरबाच्या तक्रारी. घरं सापडत नाहीत, जिने अवघड, एका आजीला सिलिंडर जोडून दिला नाही. केरबाला विचारलं तर म्हणाला, "त्येंच्या घरात जोडायला रफिकच जातोय. मला म्हाईत न्हाय त्येंची शेगडी कुठं हाय ती."

"माहिती करून घे मग."

"घेतो की. पर अक्का, दुसऱ्याच्या लाईनीवर जायाचं म्हंजे दुसऱ्याच्या ताटात बसून जेवायचं. घास खाली उतरत न्हाय."

त्याला म्हटलं, ही वेळ घास मोजायची नाही. त्यावर तो "व्हय व्हय" करत गेला. हा "व्हय व्हय" होकार नसतो, हे मला दहा दिवसांत कळलंय.

८ एप्रिल, बुधवार

आज जोतिबाची चैत्र यात्रा. डोंगर रिकामा. यंदा सासनकाठ्या नाहीत, गुलाल नाही. केरबा सकाळी सातला हजर. मी म्हटलं, अर्धा दिवस जा घरी. म्हणाला, "घरी जाऊन काय करू? डोंगराकडं बघत बसू व्हय?"

सिलिंडर चढवता चढवता मग आपणच बोलला, "दरसाल यात्रंला रफिक माझी लाईन बघतोय. ईदेला मी त्येची बघतोय. औंदा ईद यायच्या आधीच बघतोय."

पद्धत चांगली आहे. आम्ही खात्यात असली अदलाबदल लेखी परवानगीशिवाय चालू दिली नसती.

११ एप्रिल, शनिवार

यादी एकेचाळीस घरांवर गेली आहे. मला वाटलं होतं रफिकला हलवलं की फोन थांबतील. वाढले.

का वाढले ते आज समजलं. अकराव्या गल्लीतल्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी राजवीर म्हणून आहेत, त्यांचा फोन आला. गोड आवाज. "मॅडम, आधी तुमचे आभार मानतो. वेळेवर पाऊल उचललंत. आमच्या ग्रुपवर टाकलंय मी, की एजन्सीने स्वतःहून त्या माणसाला काढला."

"काढला नाही, गोडाऊनला ठेवलाय."

"तेच ते. पण खरं सांगा, पॉझिटिव्ह निघालाय ना तो? त्याशिवाय एकोणीस वर्षं येणारा माणूस कोण हलवतं?"

 

१२ एप्रिल, रविवार

रफिक काल गोडाऊनला आला नव्हता, हे मला आज कळलं. केरबाने सांगितलं नव्हतं. एकट्याने टेम्पो भरत होता.

विचारल्यावर म्हणाला, "काय सांगायचं अक्का? त्येच्या गल्लीत बोंब झाली. कुणीतरी फोन केला, तपासाय बायका आल्या. निघालं काय न्हाय. पर गल्लीनं बघितलं."

"कुणी केली बोंब?"

केरबाने टोपी काढली, पुन्हा घातली. "आता बोलू का नको? तुमी रागावणार."

"मी रागावलेलीच असते. बोल."

"लोक काय, लोक बोलतातच की. चार दिस बोलली असती, गप बसली असती. शिक्का तुमी मारलासा."

 घरी आल्यावर आठवलं, त्याला चहा विचारायचा राहिला.

१३ एप्रिल, सोमवार

रफिकच्या घरी गेले. चौकशीला. पोलिसांनी बागल चौकात अडवलं, पास बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्ही गॅस पोचवता?" म्हटलं, "नाही, गॅसवर ठेवते लोकांना. तुम्हाला ठेवू का?" सोडलं.

दारात रफिकची आई, सुलतानबी, तांदूळ निवडत बसली होती. मी नाव सांगायला लागले, तर ताटातून मान वर न करता म्हणाली, "वळखलं की. दसऱ्याला टेम्पोच्या पूजंला बघितलंय तुमास्नी. पोराला पेढा तुमीच दिलतासा."

"रफिक आहे का?"

"हाय. घरातच हाय. तुमीच बसवलासा न्हवं?"

"मी गोडाऊनला ठेवलं होतं. त्याच्या भल्यासाठी."

"भलंच झालं की! बायका आल्या, कपाळाला ते मशीन लावलं, ताप न्हाय म्हणल्या, गेल्या. दूधवाला दाराफुडनं जातोय, थांबत न्हाय. म्या इचारलं, बाबा, काय झालं? तर म्हंतोय, चाची, त्येच्या मालकानंच काढलाय, मग आमी काय समजायचं?" मग तिने मान वर केली. "तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा, त्यानं काय समजायचं?"

 कॉन्व्हेंटमध्ये उत्तर आलं नाही की उभं करायचे. मी उभीच होते. कुणी बस म्हटलं नव्हतं.

रफिक बाहेर आला. नऊ दिवसांत गालफडं बसली आहेत. "आत या म्हणलो असतो, पर गल्ली बघतीया. तुमच्या नावाला नको."

माझ्या नावाला! मी म्हटलं, "उद्यापासून तू लाईनवर. मी टेम्पोत तुझ्याशेजारी बसून येते. बघतेच कोण दार लावतंय ते."

"नको."

"नको म्हणजे?"

"तुमास्नी बघून दार उघडत्याल. तुमी गेलासा की पुन्ना लावत्याल. मला रोज एक अक्का कुठनं मिळणार?"

मग मी स्नेहलने सुचवलेलं सांगितलं. सगळ्या ग्राहकांना मेसेज पाठवायचा, की गेल्या ऑगस्टच्या पुरात ह्याच माणसाने छातीभर पाण्यातून तुमच्या छावण्यांना सिलिंडर पोचवले.

तो एकदम ताठ झाला. "ते तर अजिबात नको. पुरात न्हेलं ते काम हुतं. समजा पूर आलाच नसता, तर? तर मी काढून टाकायच्या लायकीचा हुतो व्हय? मला मेडल नको अक्का. लाईन पायजे."

"मग मी करू तरी काय?" माझा आवाज चढला असावा, कारण समोरच्या खिडकीत दोन डोकी आली.

"तुमी फोनवाल्या. फोन करा. ज्या घरांचं तुमी ऐकलासा, त्या घरास्नी सांगा, रफिकचं काय चुकलं नव्हतं, आमचं चुकलं. ऑफिसनं मारल्याला शिक्का ऑफिसनंच पुसायचा."

मी म्हटलं, विचार करते.

सुलतानबी पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "करा, करा. आमी घरातच हाय."

१४ एप्रिल, मंगळवार

बंद तीन मेपर्यंत वाढला.

शांतिनाथला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, त्याचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "अक्का, तू पागल आहेस का? चूक झाली म्हणून एकेचाळीस घरांना सांगायचं? उद्या कंपनीकडे तक्रार जाईल. त्यांच्या साहेबाचा आधीच फोन येऊन गेलाय, तुमच्या राजारामपुरीतून नाराजी आहे म्हणून. डीलरशिपवर आलं तर? रफिकला घरी बसूनच पगार देऊ, सहा महिने देऊ. माणूस म्हणून मीही..."

"त्याला पगार नकोय शांतू."

"मग काय हवंय?"

"त्याचं नाव."

तो गप्प झाला. मी घाबरले, हॅलो हॅलो करत राहिले. तर फोन भाग्यश्रीने घेतला होता. ही माझी भावजय पंचवीस वर्षांत माझ्यासमोर मोठ्याने कधी बोलली नाही. म्हणाली, "अक्का, दरवर्षी पर्युषण झालं की क्षमावाणीला तुम्ही सगळ्यांना क्षमा मागायला फोन करताच की. गेल्या वर्षी किती केलेत?"

"शंभरेक."

"मग हे एकेचाळीस तर आहेत." आणि मागे वळून, "ह्यांची गोळीची वेळ झालीय," असं म्हणून फोन ठेवला.

१५ एप्रिल, बुधवार

शंभर फोन आणि एकेचाळीस फोन यांत फरक काय, ते भाग्यश्रीला माहीत नाही. क्षमावाणीला आपण म्हणतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. काय चुकलं, कधी चुकलं, कुणाच्या बाबतीत, कुणी विचारत नाही. समोरचाही तेच म्हणतो. दोघेही हलके होतो आणि लाडू खातो. इतकी वर्षं मी क्षमा मागत आलेय आणि एकदाही तारीख सांगितलेली नाही.

स्नेहलला बाहेर बसवलं आणि पहिला नंबर लावला. वाक्य आधी कागदावर लिहून काढलं होतं: "चार एप्रिलला आम्ही तुमच्या भागातून रफिकला हलवलं. त्याचं कारण त्याच्यात काही नव्हतं. तो आजारी नव्हता आणि नाही. लोकांच्या सांगण्यावरून मी त्याला हलवलं ही माझी चूक. शुक्रवारपासून तुमच्याकडे तोच येईल."

दहाव्या गल्लीतल्या, मनात काही नसलेल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, मी तर सहज म्हटलं होतं." सहज! एकाने विचारलं, हे रेकॉर्डिंग आहे का? म्हटलं, नाही, जिवंत बाई आहे. एक म्हातारे रडायलाच लागले, त्यांच्या सुनेने त्यांना न विचारता फोन केला होता. "रफिक येत नाही म्हणून मला बोलायला माणूस नाही हो." एकीने शिव्या दिल्या, चांगल्या घरातल्या बाईला येऊ नयेत इतक्या अस्खलित. राजवीर म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःचीच एजन्सी बदनाम करताय." मी म्हटलं, "हो. तुमच्या ग्रुपवर टाका. मागचं टाकलंत तसंच, माझ्या नावासकट."

विसाव्या फोननंतर कागद बघावा लागला नाही. तिसाव्यानंतर आवाज बसला. स्नेहलने न विचारता गरम पाणी आणून ठेवलं. ती बाहेर बसलीच नव्हती, दाराशी उभी होती.

यादीत क्रांतीचा नंबर चौथा होता. तो मी एकेचाळिसावा केला.

ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "म्हणजे तू मला शिकवणार."

"नाही. मी माझी चूक सांगतेय."

"आणि सासूबाईंना काही झालं तर?"

"केरबाही दिवसाला चाळीस दारं फिरून तुझ्याकडे येतो, क्रांती. त्याच्याबद्दल कधी विचारलंस?"

 "शाळेपासून तू अशीच. तुरुंगात माझे वडील गेले आणि भाषणं तू देतेस," असं म्हणून तिने फोन ठेवला. बावन्न वर्षांची मैत्री. मी यादीवर तिच्यापुढे खूण केली आणि कुलूप लावून घरी आले. घसा इतका दुखतोय, की डोळ्यांतून पाणी येतंय.

१६ एप्रिल, गुरुवार

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. तक्रार आली आहे, लेखी खुलासा द्या. दिला. माझ्या इंग्रजीत दिला, चार ओळी. सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. आता काय व्हायचं ते होवो. शांतिनाथला विचारलं, खाली सही तुझी घालू की माझी? तो म्हणाला, "दोघांची घाल."

उद्यासाठी नियम लिहून भिंतीला लावला. ज्याची लाईन, तोच जाईल. ज्याला माणूस चालत नाही, त्याच्या पावतीवर "नाकारले" असा शेरा पडेल आणि त्याचा नंबर रांगेत शेवटी जाईल. सध्या शेवट म्हणजे बारा दिवस. वाद घालायचा नाही. पण लिहून घ्यायचं ते खरं लिहून घ्यायचं.

केरबाने वाचला. "झ्याक," म्हणाला. याला मात्र होकार म्हणतात.

१७ एप्रिल, शुक्रवार

रफिक आठला आला. मी टेबलावरचा वजनकाटा पुढे केला. त्याने तो घेतला, आकडा शून्यावर आहे का बघितला, नव्हता, स्क्रू फिरवून आणला. "कुणी पाडला काय?" केरबा म्हणाला, "मी न्हाय गा, त्येला हात बी लावला न्हाय. माझा मी आणलाय."

दोघांनी टेम्पो भरला. मी पायरीवर उभी राहिले. येऊ का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

दिवसभर स्नेहलला चार वेळा विचारलं, काही फोन? नाही. पाचव्यांदा ती म्हणाली, "अक्का, पेन देऊ का चघळायला?"

१८ एप्रिल, शनिवार

काल टेम्पो उशिरा आला आणि रफिक पावत्या ठेवून तसाच घरी गेला. म्हणून आज सकाळी बसून मोजल्या. यादीतल्या एकेचाळीस घरांपैकी तेवीस घरांची काल पाळी होती. सतरा ठिकाणी सिलिंडर घेतला. त्यातल्या एका ठिकाणी बाहेर ठेवा म्हणाले, एका ठिकाणी सॅनिटायझर फवारून घेतला, आधी सिलिंडरवर, मग रफिकवर. पाच पावत्यांवर त्याच्या ठसठशीत अक्षरात "नाकारले". राजवीरांच्या अपार्टमेंटमधल्या तीन आहेत त्यात.

तेविसावी पावती क्रांतीची. तिच्यावर लिहिलं होतं, "घरी कुणी नाही. उद्या परत."

मी ताबडतोब रफिकला बोलावलं. "हे काय आहे?"

"काय?"

"क्रांती बावीस मार्चपासून घराबाहेर पडलेली नाही. आणि तिच्या सासूबाई तर तीन वर्षं पडून आहेत. घरी कुणी नाही कसं लिहिलंस?"

तो दोरी गुंडाळत राहिला. "बेल वाजवली. आतनं आवाज आला, कोण? म्हटलं, रफिक. मग आवाज बंद झाला."

"म्हणजे नाकारलं!"

"नाकारलं लिवलं की बारा दिस मागं जातोय नंबर. त्येंचा सिलिंडर दोन-तीन दिसात संपंल, मला म्हाईत हाय, त्येंचा महिना मला पाठ हाय. म्हातारीला तासातासाला गरम पाणी लागतंय."

"तिने तुझ्या तोंडावर दार लावलं रफिक. आणि तू तिच्यावर दया करतोस?"

"दया कसली!" तो पहिल्यांदाच माझ्यावर खेकसला. "एकोणीस वर्सं झाली, माझ्या लाईनीवरची चूल विझल्याली न्हाय. त्या बाईंनी दार लावलं तर ती त्येंची गोष्ट. चूल विझली तर ती माझी. आज जातो, उद्या जातो, परवा जातो. कवातरी उघडावं लागंलच की. कचरा टाकाय तरी भाईर येत्याल?"

"आणि नियम? भिंतीवरचा?"

"त्यो बाकीच्यांस्नी हाय की."

"सगळ्यांना आहे. मी खोट्या नोंदी खपवून घेत नाही. टेलिफोन खात्यात एका मुलीला मी यापायी दोन महिने नाइट ड्युटी दिली होती."

"मग मला बी द्या," असं म्हणत तो टेम्पोकडे गेला.

त्याला खिडकीतून मोठ्याने बजावलं, की हे पुन्हा चालणार नाही. त्याने हात हलवला. मग मी क्रांतीची पावती आजच्या गठ्ठ्यात घातली, सगळ्यात वर, पहिल्या फेरीला, आणि स्नेहलला म्हटलं, "बघत काय बसलीस? फोन वाजतोय, घे."